चाललेले अंतर, दिसलेले अंतर : मराठी गद्यातील अवकाशाचा इतिहास

१

शाळेतील चित्रकलेने आणि शासकीय चित्रकला परीक्षांनी मराठीत एक पारिभाषिक शब्द चांगलाच रुजविला आहे : यथार्थदर्शन. पाहणाऱ्याने एका जागी स्थिर उभे राहावे, एकच डोळा उघडा आहे असे मानावे, आणि समोरचे दृश्य मध्ये धरलेल्या काचेवर जसे उमटेल तसे कागदावर उतरवावे, अशी ही रीत. तिच्यात जवळची वस्तू मोठी येते, दूरची लहान येते, आणि पाहणाऱ्यापासून दूर जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजावरील एका बिंदूत मिळतात. याच रीतीसाठी मराठीत ‘यथादर्शन’ असाही एक शब्द वापरात आहे. दोहोंत फरक एका ‘अर्था’चाच, परंतु तो फरक लहान नाही. यथादर्शन म्हणजे जसे दिसते तसे. यथार्थदर्शन म्हणजे वस्तू मुळात जशी आहे तसे तिचे दर्शन. लोहमार्गाचे दोन रूळ कोठेही मिळत नाहीत. ते मिळाले तर गाडी घसरेल. रूळ मिळताना दाखविणारे चित्र हे दर्शनाशी प्रामाणिक असते, अर्थाशी नव्हे. असे असूनही चित्रकलेच्या वर्गात आपण रूळ केले ते दुसऱ्या शब्दाला.

ही केवळ परिभाषेची चूक म्हणून सोडून देता येईल. प्रस्तुत लेखाचा दावा मात्र असा आहे की, या शब्दाच्या निवडीमागे एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाने मराठी समीक्षेच्या काही सवयी घडविल्या आहेत. अंतर आणि आकार यांची नोंद करण्याचे निदान दोन प्रकार मराठीत होते. एकात अंतर चालून कळते, दुसऱ्यात ते एका जागी उभे राहून दिसते. पहिल्याला ‘चाललेले अंतर’ आणि दुसऱ्याला ‘दिसलेले अंतर’ म्हणू. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दुसऱ्या प्रकाराने पहिल्यावर मात केली. मात केली याबद्दल तक्रार नाही. परंतु दुसरा प्रकार म्हणजेच ‘यथार्थ’ असे एकदा ठरल्यावर पहिल्या प्रकारचे गद्य आपल्याला वर्णनहीन, अपुरे, वास्तवाची जाण नसलेले वाटू लागले. हा निवाडा तपासून पाहणे हा येथील हेतू आहे.

२

अंतर डोळ्याला दिसते काय, हा प्रश्न वरवर वेडगळ वाटतो. पण तत्त्वज्ञानात तो फार जुना आहे. बर्कली याने १७०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दृष्टिविषयक निबंधात त्याला स्पष्ट नकारार्थी उत्तर दिले. डोळ्यापासून वस्तूपर्यंत जाणारी रेषा डोळ्याकडे टोक करून असते. ती दहा हात लांब असो वा दहा कोस, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर तिचा एकच बिंदू उमटणार. तेव्हा अंतर म्हणून जे आपल्याला कळते ते निव्वळ दृष्टीचे देणे नव्हे. हात पुढे करून, पाय टाकून, स्पर्शाच्या आणि हालचालीच्या अनुभवातून आपण ते शिकतो, आणि नंतर ते दिसतेच आहे असे समजतो.

भारतीय परंपरेत हा वाद वेगळ्या वाटेने गेला. नैयायिकांच्या मते चक्षुरिंद्रिय तैजस आहे. नेत्ररश्मी बाहेर जाऊन वस्तूला भिडतात, म्हणून चक्षू हे ‘प्राप्यकारी’. दिङ्नागादी बौद्धांनी यावर घेतलेले दोन आक्षेप आजही ताजे वाटतात. चक्षू जर वस्तूला स्पर्श करूनच जाणत असेल, तर वस्तू आपल्यापासून ‘दूर’ आहे असे का दिसते? आणि एवढ्याशा डोळ्यात त्याच्याहून कितीतरी मोठा पर्वत कसा मावतो? म्हणजे अंतर आणि आकारमान हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्रच उभे केले. उद्द्योतकरासारख्या नैयायिकांनी त्यांची उत्तरे दिली, आणि हा वाद पुढे कित्येक शतके चालला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने वैशेषिकांची भूमिका अधिक उपयोगी आहे. त्यांच्या मते ‘परत्व’ आणि ‘अपरत्व’, म्हणजे दूरपण आणि जवळपण, हे गुण आहेत. एकाच दिशेला असलेल्या दोन वस्तूंपैकी जिच्यापर्यंत मधल्या संयोगांची संख्या अधिक ती दूर, जिच्यापर्यंत कमी ती जवळ. हे ज्ञान पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीवर अवलंबून असते. थोडक्यात, दूरपण हे डोळा आणि वस्तू यांच्यामधील पोकळीत नसते. मध्ये काय काय आहे, एकाला लागून दुसरे, दुसऱ्याला लागून तिसरे, या मोजदादीत ते असते.

विसाव्या शतकात जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बर्कलीच्या युक्तिवादाला दिलेले उत्तर येथे आठवावे. १९५०च्या आपल्या ग्रंथात गिब्सनने असे दाखविले की, बर्कलीची रेषा हवेतून जाते हीच मूळ अडचण आहे. माणूस हवेत लटकून पाहत नाही, जमिनीवर उभा राहून पाहतो. पायापासून क्षितिजापर्यंत पसरलेल्या जमिनीचा पोत जवळ विरळ आणि दूर दाट होत जातो, आणि अंतर कळते ते या पृष्ठावरून. शिवाय पाहणारा स्थिर नसतो; तो मान वळवतो, चालतो, आणि त्याच्या चालण्याबरोबर दृश्य सरकत राहते. वैशेषिकांचे ‘संयोग’ आणि गिब्सनची ‘भूमी’ यांत समीकरण मांडण्याचा मोह टाळलाच पाहिजे. एक पदार्थविचार आहे, दुसरा प्रयोगाधिष्ठित मानसशास्त्र आहे. तरीही दोन्ही विचार एका गोष्टीकडे बोट दाखवितात : दूरपण कळते ते मधल्या गोष्टींमुळे. मधले गाळून टोक तेवढे पाहिले तर अंतर उरत नाही.

३

जुन्या मराठीची अंतरवाचक शब्दसंपत्ती या मधल्या गोष्टींची आहे. बोट, वीत आणि हात ही शरीराची मापे. पावलांवर, हाकेच्या अंतरावर, गोफणीच्या टप्प्यात ही शरीराच्या कर्तृत्वाची मापे : पाय किती पडले, आवाज कोठवर गेला, हात कोठवर फेकू शकला. कोस हे त्याहून मोठे माप, आणि तेही प्रदेशाप्रदेशाने बदलणारे. ‘मजल’ तर अंतर आणि काळ यांच्यात भेदच करीत नाही. एका दिवसात माणूस जेथवर जाऊन मुक्काम करील ती मजल. घाटातली मजल आणि देशावरची मजल कोसांनी सारखी असण्याचे कारण नाही. चालणाऱ्याच्या थकव्याने मात्र ती सारखी असते.

याहून लक्षणीय आहे ‘कासराभर दिवस वर आला’ हा वाक्प्रयोग. कासरा म्हणजे बैलांना आवरण्याची दोरी. क्षितिजापासून सूर्य किती वर आला हे सांगण्यासाठी शेतकरी ती दोरी आभाळावर धरतो. भूमितीच्या भाषेत येथे मोजला जात आहे तो कोन, आणि मापण्याचे साधन आहे लांबीचे. दोरी डोळ्यापासून किती अंतरावर धरली हे सांगितल्याशिवाय अशा मापाला काटेकोर अर्थ नाही. तरीही बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात गफलत होत नाही, कारण दोघांनीही तो कासरा हाताळलेला असतो आणि दोघांनीही ते आभाळ त्याच शेतातून पाहिलेले असते. दिसणे आणि हाताळणे यांची येथे फारकत झालेली नाही.

आता चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ पाहू. श्रीचक्रधरांचा जेथे जेथे संचार झाला त्या स्थानांची ही महानुभावीय नोंद मुनिव्यासाच्या नावावर आहे. ‘लीळाचरित्रा’तील प्रसंग कोठे घडला हे मागाहून येणाऱ्या भाविकाला नेमके सापडावे आणि त्याला स्थानवंदन करता यावे, हे तिचे प्रयोजन. गाव सांगायचे, गावापासूनची दिशा सांगायची, देवळाचे तोंड कोणीकडे ते सांगायचे, त्याच्या आसपास काय आहे ते सांगायचे, आणि स्वामी नेमके कोठे बसले तेथे वाचकाला नेऊन उभे करायचे. देऊळ लांबून कसे दिसते, त्याचे शिखर आभाळात कसे उठून दिसते, संध्याकाळी त्यावर कोणता रंग चढतो, यांपैकी कशाचीही अपेक्षा या ग्रंथाकडून ठेवू नये. पदव्युत्तर वर्गात हा मजकूर वाचताना ‘यात वर्णन कोठे आहे?’ असा प्रश्न हटकून येतो. प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो विचारणाऱ्याने वर्णन म्हणजे एका जागी थांबलेल्या डोळ्याला जे दिसते त्याची नोंद, असे आधीच गृहीत धरलेले असते. ‘स्थानपोथी’चा वाचक थांबलेला नाही, तो येत आहे. त्याला दृश्य नको, वाट हवी आहे. वाटेची नोंद म्हणून पाहिले तर या ग्रंथाइतके काटेकोर अवकाशवर्णन जुन्या मराठीत क्वचितच सापडेल.

रंगभूमीवरही हाच न्याय होता. नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभागाच्या संकेतानुसार रंगमंचाचे वेगवेगळे भाग म्हणजे वेगवेगळी स्थळे, आणि पात्राने रंगमंचावर फेरी मारली की ते एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी पोहोचले. अंतर दाखवायचे नसते, चालायचे असते. लोकनाट्यातही एक गिरकी प्रवासाला पुरते. प्रेक्षक हे ‘खोटे’ मानीत नाही, कारण अंतर म्हणजे चालणे हे त्याला ठाऊक असते.

४

दिसलेले अंतर महाराष्ट्रात रीतसर शिकविले जाऊ लागले ते कोठे, याची एक सुरुवात दाखविता येते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि पुढे पुण्यात ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने राहिला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे त्याने काढली. त्याच काळात पुण्यात एतद्देशीय चित्रकारांसाठी चित्रशाळा सुरू झाली. तिच्यात तयार झालेला गंगाराम चिंतामण तांबट हा पाश्चात्त्य रीतीने यथादर्शन हाताळणारा, नावानिशी ज्ञात असलेला पहिल्या काही मराठी चित्रकारांपैकी एक. मॅलेटसाठी गंगारामने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. वेल्स स्वतः साष्टीतील लेण्यांच्या कामात असताना १७९५ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी सवाई माधवरावांचाही अंत झाला. चित्रशाळेचा प्रयोग त्यानंतर टिकला नाही. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहेत.

विषय म्हणून लेणीच निवडली गेली, ही बाब विचार करण्याजोगी आहे. लेणे हे आत शिरण्यासाठी कोरलेले असते. कैलासाभोवती प्रदक्षिणा घातल्याशिवाय कैलास कळत नाही. एका जागी उभे राहिले की त्याचा एक भाग दुसऱ्याला झाकतो. अशा वास्तूला एका बिंदूवरून रेखाटायचे म्हणजे प्रदक्षिणेचे दृश्यात रूपांतर करायचे. गंगारामला हे साधले ही त्याची कर्तबगारी, यात शंका नाही. त्याच्यामागची मराठी परंपरा वेगळी होती. मराठेकालीन नकाशांत किल्ल्याचा तट वरून पाहिल्यासारखा आणि त्यातील दरवाजा समोरून पाहिल्यासारखा, अशी सरमिसळ आढळते. हे अज्ञान नव्हे. तटाचा विस्तार ज्या बाजूने कळतो त्या बाजूने तट काढायचा, दरवाजा ज्या बाजूने ओळखू येतो त्या बाजूने दरवाजा काढायचा. वस्तूची ओळख हा येथे निकष आहे, पाहणाऱ्याची जागा नव्हे. तेव्हा ‘यथार्थ’ हे विशेषण खरे तर या नकाशांना अधिक शोभले असते!

मोजणीच्या क्षेत्रातही हेच स्थित्यंतर घडत होते. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा साखळीने जमिनीवर मोजली आणि तिच्यावर भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची उभारणी सुरू केली. तत्त्व साधे आहे. एक बाजू एकदा चालून मोजायची. पुढे डोंगरमाथ्यांवरून फक्त कोन घ्यायचे, आणि बाकीची अंतरे गणिताने काढायची. अंतर ठरविण्यासाठी ते प्रत्येक वेळी चालून जाण्याची गरज संपली. अर्थात सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट प्रत्येक माथ्यावर चढविणारी माणसे चालतच होती. हिशेबात मात्र त्यांच्या पावलांना स्थान नव्हते. हे काम करीत उत्तरेकडे सरकणारा लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धेजवळच्या हिंगणघाट येथे वारला.

१८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा सुरू झाली आणि पुण्यातील प्रयोगाला कायमचे घर मिळाले. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. या प्रसंगात एक विलक्षण पेच आहे. एका बिंदूवरून पाहण्याचे शिक्षण घेतलेले हे विद्यार्थी अशा चित्रांच्या नकला करीत होते, ज्यांत कथानक भिंतीवरून पुढे सरकते, एकच व्यक्ती एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा भेटते, आणि पाहणाऱ्याने लेण्याच्या अंधारात भिंतीच्या कडेने चालत जावे अशी अपेक्षा असते. त्या भिंती काही चौकटी नव्हत्या. नकलांना मात्र चौकटी आल्या.

५

परंतु चित्रशाळा किती जणांच्या वाट्याला आली? सामान्य मराठी माणसाला स्थिर डोळा दिला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा एकवीस मैलांचा मार्ग सुरू झाला. १ मे १८५४ रोजी तो खाडीवरचा पूल आणि मुंब्र्याच्या बाजूचे बोगदे यांवरून कल्याणपर्यंत गेला. आज ठाकुर्ली म्हणून ओळखले जाणारे स्थानक डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये याच मार्गावर आहे.

शिव्हेलबुश या जर्मन इतिहासकाराने १९७७ च्या आपल्या ग्रंथात रेल्वेप्रवासाने युरोपीय दृष्टीत कोणता पालट केला याचा शोध घेतला आहे. त्याच्या प्रतिपादनाचा गाभा असा की, घोडागाडीतला प्रवासी ज्या भूभागाचा भाग होता, त्याच भूभागाचा रेल्वेतला प्रवासी केवळ प्रेक्षक झाला; वेगामुळे जवळचे पुसट झाले आणि नजर दूरवर जाऊन स्थिरावली. हे विवेचन आपल्या मार्गाला लावून पाहता येते. डोंबिवली सोडून कल्याणकडे निघालेल्या गाडीत उजव्या खिडकीशी बसले की रुळालगतचे खांब सर्रकन मागे जातात, त्यापलीकडची घरे सावकाश सरकतात, आणि आग्नेयेकडचा मलंगगड, इमारतींच्या फटींतून दिसतो तेवढा वेळ, गाडीबरोबर चालत असल्यासारखा वाटतो. या सरकण्याच्या वेगांतील फरकावरून अंतर कळते हे हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडले होते. त्याचे उदाहरण रानातून चालणाऱ्या माणसाचे होते. गाडीत हीच गोष्ट घडते, पण एका महत्त्वाच्या फरकाने : येथे पाय स्थिर आहेत. दृश्य चालण्याचे, शरीर बसल्याचे. अंतराचा डोळ्याकडून येणारा पुरावा पूर्वीपेक्षा अधिक ठळक झाला आणि पायांकडून येणारा पुरावा नाहीसा झाला.

या पार्श्वभूमीवर गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ पुन्हा वाचण्यासारखे आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घर सोडून उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झांशीच्या वेढ्याच्या वेळी त्या शहरात होते, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन परतले. हा वृत्तान्त त्यांनी १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिला आणि वैद्यांनी १९०७ मध्ये आपल्या हाताने संस्कारून तो प्रसिद्ध केला. म्हणजे प्रवास पायांचा, लेखन आगगाडीच्या काळातले, आणि प्रकाशन त्याहून पुढच्या पिढीचे. लिहिताना भोरघाटातून गाडी जाऊन वीस वर्षे झाली होती. तरीही गोडसे यांचे अंतर कोसांचे आणि मुक्कामांचे आहे. कोठे अन्न मिळाले, कोठे लुटले गेलो, कोठे पाय चालेनासे झाले, यांनी त्यांचा भूगोल बनतो. निसर्गवर्णनाचा अभाव म्हणून या ग्रंथाबद्दल कोणी तक्रार करील तर त्याला असे विचारावे लागेल की, वर्णन करण्यासाठी थांबावे असा उंचवटा या माणसाच्या वाटेवर होता तरी कोठे? खांद्यावर कावड असलेल्या माणसाचे अंतर खांद्यात असते. ‘अंतर’ या शब्दाला मराठीत दूरपणाबरोबरच आतले, मनातले असाही अर्थ आहे. गोडसे यांच्या गद्यात हे दोन अर्थ पुरते विलग झालेले नाहीत.

६

रंगभूमीने हे स्थित्यंतर डोळ्यांसमोर घडवून दाखविले. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’त स्थळ उभे करण्याचा भार सूत्रधाराच्या गाण्यावर आणि पात्रांच्या बोलण्यावर होता. पुढे नाटक मंडळ्यांत रंगविलेल्या पडद्यांची चढाओढ लागली. राजवाड्याचा दिवाणखाना, रस्ता, अरण्य यांचे पडदे यथादर्शनाच्या नियमांनी रंगविले जाऊ लागले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांचे पडदे नावाजले गेले, आणि तेथून चित्रपटाकडे जाणारी वाट फार लांबची नव्हती. गिरकीतून होणारा प्रवास आता पडद्यावर दिसू लागला. फक्त पात्राला त्यात जाता येत नव्हते. रंगविलेल्या रस्त्यावर दूरवर चालत जाणारा नट आकाराने लहान होत नाही, ही अडचण पडद्याबरोबरच आली.

कादंबरीत मात्र स्थिर डोळ्याने मराठीला फार मोलाचे काही दिले, हे मान्य केले पाहिजे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणुकी’त क्रमशः येऊ लागली. तिची ताकद यमूला एक जागा दिलेली आहे यात आहे. घरातले पुरुष काय बोलतात ते तिला दाराआडून कळेल तेवढेच वाचकाला कळते. सर्वसाक्षी निवेदकाने दहा ठिकाणांहून सांगितले असते तर जे साधले नसते, ते एका कोपऱ्यातून पाहण्याने साधले. ‘दृष्टिकोन’ हा समीक्षेतील शब्द मुळात भूमितीचा आहे, आणि या कादंबरीत तो अक्षरशः खरा ठरतो : जो कोन यमूच्या वाट्याला आला तोच तिच्यावरचा अन्याय आहे. यथादर्शनाचे हे खरे सामर्थ्य. ते वस्तू जशी आहे तशी दाखवीत नाही, पाहणाऱ्याला कोठे उभे केले आहे ते दाखविते.

घोटाळा होतो तो समीक्षेत, ‘यथादर्शन’ हे ‘यथार्थ’ मानले जाऊ लागल्यावर. वास्तववाद, वर्णन, चित्रदर्शी शैली, परिप्रेक्ष्य या साऱ्या संज्ञा स्थिर डोळा गृहीत धरतात. त्या लावून बखरी, स्थानवर्णने आणि पायी प्रवासवृत्ते मोजली की ती उणीच भरणार. सौंदर्यशास्त्रातही ही अडचण उमटते. मर्ढेकरांनी प्रत्येक कलेचे माध्यम एका विशिष्ट संवेदनेशी जोडले. चित्राचे रंगसंवेदनेशी, संगीताचे ध्वनिसंवेदनेशी. या मांडणीने मराठी सौंदर्यविचाराला शिस्त दिली आणि रा. भा. पाटणकरांसारख्यांना तिची कसून चिकित्सा करता आली. परंतु अंतर ही जर केवळ डोळ्याची बाब नसेल, ती डोळा, हात आणि पाय यांच्या एकत्र व्यवहारातून घडत असेल, तर चित्रातील खोली ही कोणत्या एका संवेदनेत बसवायची? शुद्ध दृश्य संवेदना ही कल्पनाच मग स्थिर डोळ्याइतकी कृत्रिम ठरू लागते.

७

येथे दोन खबरदाऱ्या घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की, जुन्या मराठी माणसाला खोली दिसत नव्हती असा अर्थ या विवेचनातून काढता कामा नये. अशा स्वरूपाची विधाने मानसशास्त्राच्या इतिहासात झाली आहेत. रिव्हर्स याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर आणि विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतील तोडा लोकांत दृष्टिभ्रमाचे प्रयोग केले. १९६६ मध्ये सेगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काटकोनी घरांत वाढलेल्यांना काही भ्रम अधिक होतात असा सिद्धान्त मांडला. त्यावर पुष्कळ वाद झाले. परंतु एखाद्या समाजाच्या चित्रांवरून किंवा गद्यावरून त्याच्या डोळ्यांविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. झेल पकडणाऱ्या, नेम धरणाऱ्या, घाट उतरणाऱ्या माणसाला खोली दिसतच असते. बदलला तो डोळा नव्हे. काय नोंदवायचे आणि कोणत्या जागेवरून, हा संकेत बदलला.

दुसरी खबरदारी पानॉफ्स्कीबाबतची. यथादर्शन हे एक ‘प्रतीकरूप’ आहे हा त्याचा १९२७ चा निबंध १९९१ मध्ये इंग्रजीत आल्यावर, यथादर्शन म्हणजे निव्वळ सांस्कृतिक करार असे म्हणण्याची सोय झाली. गॉम्ब्रिचने १९६० मध्येच याची मर्यादा दाखविली होती : एका डोळ्याने, ठरलेल्या जागेवरून पाहिले तर यथादर्शनाचा दावा भूमितीने खराच आहे. प्रश्न त्याच्या खरेपणाचा नाही. जगताना आपण असे किती वेळा पाहतो, हा आहे.

या प्रश्नावर अलीकडच्या काळात भारतातूनच एक महत्त्वाचा पुरावा पुढे आला. स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला एकाएकी दृष्टी आली तर तो पाहताक्षणी ते ओळखील काय, असा प्रश्न मॉलिन्यूने सतराव्या शतकाच्या अखेरीस लॉकला विचारला होता. दिल्लीत ‘प्रकाश’ या प्रकल्पात जन्मतः आंधळ्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देण्यात आली. त्यांपैकी पाच मुलांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताने ओळखलेली वस्तू नव्या डोळ्यांनी ओळखणे त्यांना लगेच जमले नाही; परंतु अल्पावधीतच ते जमू लागले. म्हणजे हाताचा आकार आणि डोळ्याचा आकार यांचे नाते आयते मिळत नाही, आणि ते जुळायला फार काळही लागत नाही. ते व्यवहारात जुळते. कासरा हाताळलेल्या माणसाला आभाळावरचा कासरा कळतो, यापेक्षा हे फारसे वेगळे नाही.

तेव्हा ‘स्थानपोथी’, मराठेकालीन नकाशे किंवा ‘माझा प्रवास’ यांच्याकडे वास्तववादाच्या अलीकडची, अपक्व अवस्था म्हणून पाहणे सोडले पाहिजे. अंतर ज्या दोन पुराव्यांतून घडते त्यांपैकी एकाची नोंद या ग्रंथांनी केली, दुसऱ्याची एकोणिसाव्या शतकाने केली. पहिली नोंद वाचायची तर वाचकालाही थोडे चालावे लागेल : दिशा धरून, नकाशा उघडून, जमल्यास प्रत्यक्ष त्या गावी जाऊन. अभ्यासक्रमात जुन्या गद्याला दहा-वीस गुणांची जागा उरली असताना ही अपेक्षा जड वाटेल. पण जे वर्णन नाही म्हणून आपण वगळत आहोत ते वर्णनच आहे, एवढे तरी वगळण्यापूर्वी ठाऊक असावे.

लोकव्यवहाराने ही नोंद टाकून दिलेलीही नाही. ठाकुर्लीहून दादर किती लांब, असे विचारले तर किलोमीटर सांगणारा विरळा. कोणती गाडी, किती वाजताची, बसायला मिळते की उभे राहावे लागते, यावरून उत्तर येते. मजल संपली असे आपण समजतो. ती वेळापत्रकात जाऊन बसली आहे. अंतर मोजण्याचे काम पायांकडून गेले, तरी शरीराकडून ते गेलेले नाही. चित्रकलेच्या वर्गापुरते बोलायचे, तर दोनपैकी ‘यथादर्शन’ हाच शब्द आपण पत्करावा. ‘यथार्थ’ कोणते, हे एका जागी उभे राहून ठरणारे नाही.